‘व्हीएफएक्स शिकायचंय’ म्हणजे नक्की काय शिकायचंय?

(ऑडिओ भागाचं शब्दांकन. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी भाषा तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे करतोय. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात केदारखेडा नावाचं गाव आहे, पूर्णा नदीच्या काठी. तिथल्या एका श्रोतीने ती पाठवलीय. नाव सांगत नाही, पण बोलणं असं होतं: “दादा, मी यंदा बारावी झाले. ड्रॉइंगच्या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्यात, इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे. मला व्हीएफएक्समध्ये जायचंय. शहरातल्या एका इन्स्टिट्यूटने साडेतीन लाख फी सांगितली. बाबा म्हणतात, कापसाचे पैसे आले की निम्मे भरू, निम्म्याचं कर्ज काढू. घेऊ का ॲडमिशन?”

मी तिला उलट विचारलं, व्हीएफएक्समध्ये कुठलं काम करायचंय? तिचं उत्तर आलं, “कुठलं म्हणजे? व्हीएफएक्सच.”

आता बघा, उद्या कुणी म्हणालं की मला दवाखान्यात काम करायचंय, तर आपण लगेच विचारतो, कशाचं? डॉक्टर, नर्स, लॅबवाला, एक्स-रेवाला, मेडिकलवाला? प्रत्येकाचं शिक्षण वेगळं, पगार वेगळा, दिवसही वेगळा. व्हीएफएक्सचं अगदी तसंच आहे. फरक एवढाच की दवाखान्यातली माणसं आपल्याला दिसतात, इथली दिसत नाहीत. आणि दिसत नाहीत म्हणूनच एका पोस्टरवर ‘व्हीएफएक्स ॲण्ड ॲनिमेशन डिप्लोमा’ असं लिहून सगळं एकत्र विकता येतं.

मी स्वतः मुंबईत काही वर्षं कंपोझिटिंग केलंय. ते काय असतं ते पुढे येईलच. तर आज आपण एकच शॉट घेऊ, पाच सेकंदांचा, आणि तो कुणाकुणाच्या हातातून जातो ते बघू.

आधी एक गोंधळ मिटवू

ॲनिमेशन आणि व्हीएफएक्स हे चुलत भाऊ आहेत, जुळे नाहीत. ॲनिमेशनमध्ये पडद्यावरचं सगळंच बनवलेलं असतं. ‘छोटा भीम’ हैदराबादच्या ग्रीन गोल्डने बनवला, ‘मोटू पतलू’ मुंबईच्या कॉसमॉस-मायाने. २००५ चा ‘हनुमान’ आठवत असेल, तो व्ही. जी. सामंतांनी दिग्दर्शित केलेला टूडी सिनेमा. यात कॅमेऱ्याने शूट केलेलं काही नसतं. व्हीएफएक्समध्ये मात्र खरं शूटिंग झालेलं असतं आणि त्यात काहीतरी मिसळायचं किंवा त्यातून काहीतरी काढायचं असतं. २०२० चा ‘तान्हाजी’ घ्या. नट खरे, पण गड, दऱ्या, रात्र, यातलं बरंचसं कॉम्प्युटरवर उभं केलेलं. ते काम एनवाय व्हीएफएक्सवाला या मुंबईच्या कंपनीने केलं. तिच्या संस्थापकांत अजय देवगण आहेत आणि प्रसाद सुतार हा आपला मराठी माणूसही आहे.

आणि हे वेड आपल्याकडे काही नवं नाही बरं का. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, हे आपण स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करतो. पण त्याच्या आधी, १९१२ मध्ये, भांडवल उभं करायला त्यांनी एक छोटीशी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा समोर ठेवला, आणि महिन्याहून जास्त काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर बी रुजून रोप वर येताना काही क्षणांत दिसलं. तुमच्या फोनमधलं टाइमलॅप्सचं बटण, तेच हे. ते बघून पैसे लावणारा माणूस मिळाला. गोष्ट, दिग्दर्शन, कॅमेरा, ट्रिक सगळं फाळके बघायचे. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं हे सरस्वतीबाई करायच्या. अख्खा स्टुडिओ एका घरात! आज त्या घरातल्या एकेका कामाचा वेगळा विभाग झालाय, आणि एकेका विभागात शंभर-शंभर माणसं बसतात.

आपला शॉट: पूर्णेचा पूल

कल्पना करा. संध्याकाळ, मुसळधार पाऊस, पूर्णेला पूर आलाय. पुलावर एक बाई स्कूटी थांबवून उभी आहे, आणि पुलाच्या दुसऱ्या टोकाला बिबट्या. तो दोन पावलं टाकतो आणि थांबतो. झाला शॉट. पाच सेकंद. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १२० फ्रेम.

प्रत्यक्षात शूटिंग झालं एप्रिलमध्ये. नदीत धार बारीक, आकाश कोरडं, मागे विजेच्या तारा, मोबाइल टॉवर, आणि बिबट्याच्या जागी काठीला बांधलेला एक टेनिस बॉल. नटीने कुठे बघायचं ते कळावं म्हणून.

शूटिंगच्या आधीच काही जणांचं काम होऊन गेलेलं असतं. स्टोरीबोर्ड आर्टिस्टने शॉट कागदावर काढलेला असतो, कन्सेप्ट आर्टिस्टने पूर कसा दिसेल, उजेड कसा पडेल याचं चित्र रंगवलेलं असतं. ज्यांचा हात चित्रकलेत बसलाय त्यांना हीच कामं हवीशी वाटतात. पण खरं सांगतो, या जागा फार थोड्या असतात. शंभर जणांच्या टीमला दोन-तीन कन्सेप्ट आर्टिस्ट पुरतात.

सेटवर व्हीएफएक्स सुपरवायझर आणि त्याचा एखादा मदतनीस असतो. मदतनीस पुलाची मापं घेतो, लेन्स कुठली, कॅमेरा किती उंचीवर हे लिहून ठेवतो. एक राखाडी आणि एक आरशासारखा गोळा कॅमेऱ्यासमोर धरतो, म्हणजे त्या जागी उजेड कुठून कसा येत होता ते पुढे कॉम्प्युटरला सांगता येतं. लोकांना ते गोळे बघून हसू येतं, पण त्या दिवशी ते विसरले तर पुढे तीन विभाग डोकं धरून बसतात.

मग ते चित्रण स्टुडिओत येतं. आमच्या भाषेत त्याला ‘प्लेट’ म्हणतात. जेवणाचं ताट नव्हे, पण विचार केला तर तसंच, यात आता एकेक जण वाढणार.

पहिलं काम मॅचमूव्हचं. शूटिंगमध्ये कॅमेरा हलला होता. आपला बिबट्या कॉम्प्युटरमध्ये आहे, तर कॉम्प्युटरमधला कॅमेराही अगदी तसाच हलला पाहिजे, नाहीतर बिबट्या पुलावर पाय घसरल्यासारखा तरंगेल. मॅचमूव्ह आर्टिस्ट प्लेटमधले दगड, कठड्याचे कोपरे असे बिंदू पकडून खरा कॅमेरा कसा फिरला ते शोधून काढतो. ज्यांना भूमिती आवडायची त्यांनी हे नाव लिहून ठेवा.

दुसरं, रोटो. इथे जरा थांबतो, कारण आपल्याकडून गेलेल्या बहुतेक पोरापोरींचं पहिलं टेबल हेच असतं. बिबट्या बाईच्या मागे दिसायचा आहे, पाऊस काही तिच्या पुढे, काही मागे. म्हणजे बाईला प्लेटमधून वेगळं कापून काढायला हवं. ग्रीन स्क्रीन असती तर सोपं झालं असतं, पण पुलावर कुठली ग्रीन स्क्रीन? मग रोटो आर्टिस्ट तिच्या कडेने रेघ आखतो. डोकं, खांदा, हात, स्कूटीचा आरसा असे वेगवेगळे आकार करायचे आणि ते १२० फ्रेम तिच्यासोबत हलवत न्यायचे. वाऱ्याने ओढणी उडाली तर तिच्यासाठी एक अख्खा दिवस गेला म्हणून समजा. काम किचकट आहे, डोळे थकतात, मान धरते. पण यातून एक गोष्ट पक्की होते: माणूस हलतो कसा ते डोळ्यात बसतं. चांगले कंपोझिटर बहुतेक वेळा रोटोतून वर आलेले असतात.

रोटोच्या शेजारी पेंट किंवा प्रेप. त्यांचं काम पुसायचं. विजेच्या तारा पुसा, टॉवर पुसा, टेनिस बॉल आणि काठी पुसा. पुसल्यावर मागे काय होतं ते भरूनही काढायचं, तेही १२० फ्रेमभर, आणि कुणाच्या लक्षात येता कामा नये. गंमत अशी की या माणसाने काम उत्तम केलं तर त्याने काहीच केलेलं नाही असं वाटतं.

आता बिबट्या. मॉडेलर त्याचं शरीर घडवतो, गणपतीचा मूर्तिकार मातीत घडवतो तसंच, फक्त बोटांऐवजी माऊस किंवा पेन टॅब्लेट. टेक्श्चर आर्टिस्ट त्यावर रंग, नाकावरचा ओलावा, पंजाची खरबरीत कातडी चढवतो. ग्रूम आर्टिस्ट केस लावतो. हो, केसांसाठी वेगळा माणूस! अंगावर ठिपक्यांची केसाळ कातडी, पोटाशी मऊ, शेपटीला दाट, आणि पावसात भिजलेली. नुसता ‘भिजलेला’ हा एक शब्द त्याचे चार दिवस खातो.

मग रिगिंग. कळसूत्री बाहुली बघितलीय ना? बाहुलीला दोऱ्या कुठे बांधायच्या, कुठली दोरी ओढली की कुठला सांधा वाकेल, हे ठरवणारा माणूस म्हणजे रिगर. मॉडेल म्हणजे नुसता पुतळा. रिगर त्यात हाडं, सांधे, स्नायू बसवतो. इथे थोडं प्रोग्रॅमिंगही लागतं, बहुतेक ठिकाणी पायथन. ज्याला घरातली मोटर उघडून बघायची सवय आहे तो इथे रमतो.

आणि दोऱ्या ओढतो तो ॲनिमेटर. लोकांना वाटतं ॲनिमेटर चित्रं काढतो. थ्रीडीत तसं नाही, तो अभिनय करतो, बिबट्याच्या अंगात शिरून. दोन पावलं टाकायची, पण वजन कुठल्या खांद्यावर आधी येतं? थांबताना शेपटी आधी थांबते की शेवटी? नजर बाईवर गेली ते कानांवरून कळतं का? चांगला ॲनिमेटर गोठ्यातल्या म्हशीकडे, बांधावरच्या कुत्र्याकडे तासन्‌तास बघतो. या बाबतीत गावातल्या पोरांची बाजू शहरातल्यांपेक्षा वरचढ आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याने बैलाला उठताना रोज पाहिलंय त्याला वजन शिकवावं लागत नाही.

पाऊस आणि पूर हे एफएक्स आर्टिस्टकडे. पाणी, धूर, धूळ, आग, कोसळणारी भिंत, हे हाताने हलवत नाहीत. कॉम्प्युटरला नियम देतात: पाणी एवढं जड, प्रवाह एवढा जोराचा, मधे पुलाचे खांब. मग तो गणित करतो आणि लाट तयार होते. यासाठी हूडिनी नावाचं सॉफ्टवेअर जास्त वापरतात. बारावीला फिजिक्स आवडलं असेल तर इकडे बघाच. शिकायला कठीण आहे, म्हणून माणसं कमी आहेत, म्हणून मागणी टिकून असते.

ढगांनी भरलेलं आकाश आणि लांबचे डोंगर मॅट पेंटर रंगवतो, नाटकात मागे लावतात त्या रंगवलेल्या पडद्याची ही नवी आवृत्ती. लायटर सेटवरच्या त्या गोळ्यांची माहिती घेऊन बिबट्यावर तसाच उजेड पाडतो.

मग रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरला सांगायचं की आता एकेक फ्रेमचं चित्र काढ. हिशोब करा. समजा एका फ्रेमला दोन तास लागले. १२० फ्रेम, म्हणजे २४० तास, एका मशीनवर दहा दिवस. म्हणून स्टुडिओत रेंडर फार्म असतं, शेकडो मशीन एकत्र. साठ मशीन मिळाल्या तर तेच काम चार तासांत. रात्री मशीन अडकली की सावरायला रेंडर रँगलर नावाचा माणूस जागा असतो.

शेवटी सगळं येतं कंपोझिटरकडे. प्लेट, रोटोचे आकार, बिबट्या, पूर, पाऊस, आकाश, सगळे थर. तो ते न्यूक या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक बसवतो. बिबट्या जरा जास्तच स्वच्छ दिसतोय? पावसाचा धुरकटपणा घाला. कॅमेऱ्याचा मूळ दाणा त्याच्यावरही चढवा. पायाखालची ओली सावली नसेल तर बिबट्या चिकटवल्यासारखा दिसतो. स्वयंपाकात मीठ शेवटी बघतात तसं.

एवढं होऊन सुपरवायझर म्हणतो, बिबट्या अर्धा सेकंद उशिरा थांबू दे. की मग अर्धी साखळी पुन्हा फिरते.

ही सगळी धावपळ सांभाळणारा एक माणूस मात्र चित्र काढत नाही, सॉफ्टवेअरही चालवत नाही. प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर. कुठला शॉट कुणाकडे, किती दिवस राहिले, क्लायंटने काय बदल सांगितले, कोण आजारी आहे, सगळं त्याच्या शीटमध्ये. बोलणं नीट, इंग्रजी ईमेल नीट, डोकं थंड. बी.कॉम. किंवा बी.ए. झालेली कितीतरी मुलं-मुली या वाटेने आत येतात आणि पुढे प्रोड्यूसर होतात. कुठल्याही पोस्टरवर ही नोकरी दिसत नाही, कारण तिच्यासाठी तीन लाखांचा कोर्स विकता येत नाही.

आता पैशाचं बोलू

मघाशी बिबट्या घेतला तो मुद्दाम. २०१२ चा ‘लाइफ ऑफ पाय’ पाहिलाय ना? त्यातला वाघ बहुतेक शॉट्समध्ये कॉम्प्युटरचा होता. काम केलं रिदम ॲण्ड ह्यूज या अमेरिकन कंपनीने, तिची ऑफिसं मुंबई आणि हैदराबादलाही होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्या वाघासाठी ऑस्कर मिळालं. आणि त्याच महिन्यात, ऑस्करच्या काही दिवस आधी, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. स्टेजवर सुपरवायझर कंपनीच्या अडचणीबद्दल बोलायला लागला तर ‘जॉज’ सिनेमाचं संगीत वाजवून त्याचं भाषण तोडलं.

हे जुनं झालं म्हणाल, तर अलीकडचं घ्या. २०२३ मध्ये हॉलिवूडमध्ये आधी लेखकांचा आणि मग नटांचा संप झाला, शूटिंग थांबलं, आणि त्याचा फटका इथल्या टेबलांपर्यंत आला. कारण आपल्याकडच्या मोठ्या स्टुडिओंचं बरंच काम बाहेरून येतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही जगभर पसरलेली कंपनी कोसळली. बंगळुरू आणि मुंबईचं काम अचानक थांबलं, भारतात तीन हजारांच्या आसपास लोक अडकले.

मग नको का जायला? तसं नाही. मुंबईतून सुरू झालेली प्राइम फोकस २०१४ मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्हशी एक झाली. आज तिला डीएनईजी म्हणतात आणि ‘ड्यून’च्या व्हीएफएक्सचं ऑस्कर तिच्याकडे आहे. काम मोठं आहे आणि राहणारही आहे. फक्त हे समजून जा की ही सरकारी नोकरीसारखी खुर्ची नाही. प्रोजेक्ट येतो तेव्हा रात्रीचा दिवस, संपला की शांतता. मुलाखतीला जाल तेव्हा ओव्हरटाइम मिळतो का, उशीर झाला तर घरी सोडायला गाडी आहे का, हे विचारायला लाजू नका. मुलींनी तर नक्कीच. बाहेरच्या सिनेमांचं काम चालतं तिथे फोनही आत नेऊ देत नाहीत, हेही माहीत असू द्या. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर आई दहा वेळा फोन करून घाबरेल.

आणि एआय. लपवण्यात अर्थ नाही, याचा पहिला धक्का आपल्या पहिल्याच पायरीला बसतोय. माणसाच्या कडेने रेघ आखणं, तार पुसणं, यातला बराच भाग सॉफ्टवेअर आता स्वतः करून देतं. न्यूकमध्ये आणि रिझॉल्व्हमध्ये तशी साधनं आलीत. नेटफ्लिक्सने २०२५ मध्ये सांगितलं की ‘एल एटरनॉटा’ या अर्जेंटिनाच्या मालिकेत इमारत कोसळण्याचा एक शॉट जनरेटिव्ह एआयने केला. म्हणून ‘सहा महिन्यांत रोटो शिका, लगेच जॉब’ असं कुणी सांगत असेल तर त्यावर लाखभर रुपये लावू नका. रोटो शिका, पण ती पायरी म्हणून. मशीनने काढलेली रेघ कुठे चुकली ते ओळखणारा डोळा लागतोच, आणि तो डोळा असलेला माणूस पुढे कंपोझिटिंगला जातो. नुसती रेघ ओढणाऱ्याचं मात्र अवघड होणार.

आता साडेतीन लाख. सुरुवातीच्या पगारातून मुंबईत भाडं, डबा, लोकलचा पास गेला की हातात काय राहतं? समजा, चांगलं धरून चाललो आणि महिन्याला पाच हजार बाजूला पडले. साडेतीन लाख भागायला ७० महिने, म्हणजे सहा वर्षांना फक्त दोन महिने कमी. व्याज धरलंच नाही. मी फी भरू नका म्हणत नाही. पण कुठल्या टेबलावर बसायचंय हे माहीत नसताना एवढे पैसे भरू नका, कर्ज काढून तर नाहीच.

फी भरण्याआधी इन्स्टिट्यूटमध्ये एक दिवस जाऊन बसा. प्लेसमेंटचं पोस्टर बघू नका, मागच्या बॅचच्या मुलांचे शोरील दाखवा म्हणा. टॉपरचा एक नाही, पाच-सहा जणांचे. शिकवणाऱ्या सरांनी स्वतः कुठल्या स्टुडिओत, कुठल्या विभागात काम केलंय ते विचारा. मधेच सोडलं तर किती पैसे परत मिळतील ते लेखी घ्या. आणि ‘शंभर टक्के जॉब’ म्हणाले तर विचारा, कुठलं पद? उत्तर ‘व्हीएफएक्स आर्टिस्ट’ असं आलं तर आपला हा भाग त्यांनाही पाठवा.

पहिले तीन महिने, जवळपास फुकट

फी भरण्याआधी तीन महिने स्वतःला तपासा. नुसता फोन असेल तर फ्लिपाक्लिप नावाचं ॲप घ्या. त्यात उसळणारा चेंडू करा. आधी रबराचा, मग क्रिकेटचा, मग पाण्याने भरलेला फुगा. आकार तोच, वजन वेगळं. तीन चेंडू बघणाऱ्याला न सांगता वेगळे कळले तर तुमच्यात ॲनिमेटर आहे. मग कुणाचा तरी चालतानाचा दोन सेकंदांचा व्हिडिओ घ्या आणि फ्रेम-फ्रेमवर त्याच्या कडेने रेघ काढा. दोन तासांनी कंटाळून फोन फेकावासा वाटला, की रोटोबद्दल जे कळायचं ते कळलं. आणि वेळ कसा गेला ते समजलंच नाही, तर तेही कळलं.

लॅपटॉप मिळाला, किमान ८ जीबी रॅमचा, तर ब्लेंडर टाका. पूर्ण फुकट आहे, चोरीचं नाही. ‘हे फुकटचं, स्टुडिओत चालत नाही’ असं कुणी म्हणालं तर त्यांना ‘फ्लो’ सांगा. लॅटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिस या तरुण दिग्दर्शकाचा सिनेमा, पुरात अडकलेल्या एका काळ्या मांजरीची गोष्ट, अख्खा ब्लेंडरमध्ये. मार्च २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. हे खरं की मोठ्या स्टुडिओत माया, न्यूक, हूडिनी चालतात. पण न्यूकची शिकण्यासाठीची फुकट आवृत्ती आहे, हूडिनीची आहे, आणि माया विद्यार्थ्यांना मोफत मिळतं. टेलिग्रामवरून क्रॅक उतरवून व्हायरस घरी आणायची गरज नाही. आणि वजन, उजेड, वेळ या गोष्टी एका सॉफ्टवेअरमध्ये शिकल्या की दुसऱ्यात पुन्हा शिकाव्या लागत नाहीत.

ज्यांचा हात चित्रकलेत खरंच चांगला आहे त्यांनी सरळ डिप्लोमाकडे पळण्याआधी पदवीचा विचार करावा. महाराष्ट्रात बी.एफ.ए.साठी राज्याची एएसी सीईटी होते, आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे, जालना जिल्ह्याच्या अगदी शेजारी. अहमदाबादच्या एनआयडीमध्ये ॲनिमेशन फिल्म डिझाइन शिकवतात. मुंबईच्या आयआयटीत आयडीसी म्हणून डिझाइनचा विभाग आहे, बारावीनंतर यूसीड आणि पदवीनंतर सीड परीक्षा, ॲनिमेशनचं एम.डेस. तिथे होतं. यूसीडमध्ये चित्र काढायचा प्रश्नही असतो, म्हणजे इंटरमिजिएटसाठी घासलेली पेन्सिल वाया जात नाही. या ठिकाणी स्पर्धा जबरदस्त असते आणि फीही सगळीकडे कमी नाही, पण शिष्यवृत्त्या असतात. अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे सुटतात, म्हणजे बारावीच्या निकालाची वाट बघत बसलात तर गाडी सुटलेली असते. शिवाय २०२५ मध्ये मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही याच क्षेत्रासाठीची नवी राष्ट्रीय संस्था सुरू झाली आहे, तिच्या कोर्सेसवरही लक्ष ठेवा.

शोरील

नोकरीला सर्टिफिकेट फारसं कुणी बघत नाही, शोरील बघतात. एक मिनिट पुरे, दीड म्हणजे जास्तच. सगळ्यात चांगला शॉट पहिला, कारण बघणाऱ्याने वीस सेकंदांत ठरवलेलं असतं. थोडं रोटो, थोडं मॉडेलिंग, थोडं लोगो ॲनिमेशन अशी मिसळ करू नका. ज्या टेबलासाठी अर्ज, तेवढंच त्यात. कंपोझिटिंगचा रील असेल तर आधी कोरी प्लेट, मग एकेक थर, मग पूर्ण शॉट असं दाखवा. क्लासमध्ये सगळ्यांनी केलेला तोच रोबो आणि तोच स्फोट टाकलात तर बघणाऱ्याने सकाळपासून तो अकरा वेळा पाहिलेला असतो. त्यापेक्षा आपल्या गावच्या पुलावर फोनने काढलेली प्लेट आणि त्यावर तुम्ही आणलेला पाऊस टाका, थोडा कच्चा असला तरी चालेल. ग्रुपमध्ये काम केलं असेल तर कुठला भाग तुमचा ते कोपऱ्यात लिहा. दुसऱ्याचा शॉट आपला म्हणून घुसवू नका, ही इंडस्ट्री दिसते मोठी, पण सुपरवायझर एकमेकांना ओळखतात. नोकरी लागल्यावर स्टुडिओचा शॉट रीलमध्ये हवा असेल तर सिनेमा येईपर्यंत थांबा आणि परवानगी घ्या. आणि लिंक पाठवण्याआधी ती दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून बघा. तिथे ‘रिक्वेस्ट ॲक्सेस’ असं आलं, तर समोरचा माणूस ॲक्सेस मागत बसत नाही, सरळ पुढच्या मुलाची लिंक उघडतो.